आधी धुणं, मग पांघरूण

२३ जानेवारी २०२२ हा रविवार होता. पाकिस्तानात कराचीच्या बाजूला उठलेलं धुळीचं वादळ गुजरात आणि अरबी समुद्र ओलांडून मुंबई-पुण्यापर्यंत आलं. भर थंडीत आकाश मळकट झालं, सूर्य फिकट दिसू लागला आणि रस्त्याकडेला, सोसायट्यांच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांवर पांढुरकी, बारीक पूड बसली. काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांचे तर मूळ रंगच ओळखू येईनात.

असं काही झालं की गाडीवाल्याचा हात दोनच गोष्टींकडे जातो. पहिली म्हणजे सुकं फडकं आणि दुसरी म्हणजे कव्हर. फडकं मारून धूळ झटकावी, नाहीतर आणखी बसू नये म्हणून आहे त्या धुळीवरच कव्हर ओढून मोकळं व्हावं. दोन्हींमागे काळजीच असते, आणि गाडीच्या रंगाचं सर्वांत जास्त नुकसान याच दोन कामांमुळे होतं. रंगावर नुसती पडून राहिलेली कोरडी धूळ त्याचं फारसं वाईट करत नाही. ती घासली जाते तेव्हा करते. कव्हर विकत घेण्याआधी एवढं समजून घेतलं, तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

त्यासाठी आधी रंग म्हणजे काय ते पाहायला हवं. कारखान्यात गाडीच्या पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग तो सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, प्रायमरवर प्रत्यक्ष रंग म्हणजे बेसकोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. क्लिअरकोट त्याहून पातळ, बहुतेक गाड्यांवर ३५ ते ५० मायक्रॉनचा. गाडीची सगळी चमक या एका पातळ थरात असते. उन्हातली अतिनील किरणं अडवणारी रसायनंही त्यातच मिसळलेली असतात. तो झिजला की खालचा रंग उघडा पडतो आणि मग टपावर, बॉनेटवर पांढरट चट्टे उठू लागतात.

पूर्वीच्या गाड्यांचं असं नव्हतं. ज्यांच्या घरी एके काळी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसेडर होती, त्यांना आठवत असेल, की पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा. वरून पारदर्शक थर नसे, रंगच सर्वांत वर असे. थोडा घासला की मळलेला पापुद्रा निघून आतला ताजा रंग वर येई. घासणं म्हणजेच उजळणं, ही समजूत त्या काळातून आपल्याकडे टिकून राहिली आहे. १९८०च्या दशकापासून जगभरात बेसकोट-क्लिअरकोटची पद्धत पसरली आणि ती समजूत निकामी झाली. आता फडक्याला रंग लागत नाही म्हणून काही झिजत नाही असं वाटतं. झिजतं ते पारदर्शक असतं, एवढाच फरक आहे.

आता दुसरी बाजू, धुळीची.

जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२मध्ये खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी एक ते दहा अशी श्रेणी आखली. शंखजिरं सर्वांत मऊ, म्हणजे १. हिरा सर्वांत कठीण, म्हणजे १०. आपलं नख साधारण अडीच, काच साडेपाच, फेल्डस्पार सहा आणि वाळूत सापडणारी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, सात. गाडीचा क्लिअरकोट या श्रेणीत मोजतही नाहीत. रंगाच्या धंद्यात त्याचा कठीणपणा तपासायला पेन्सिली वापरतात. एचबी, एच, २एच अशा वेगवेगळ्या शिसांच्या पेन्सिली ठरावीक दाबाने पृष्ठभागावर ओढायच्या आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते बघायचं. ज्या थराची कसोटी पेन्सिलीने घेता येते, त्यावर गारगोटीचा कण ओढला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. काचेलाही तो ओरखडतो. म्हणूनच धुळीने भरलेल्या कोरड्या काचेवर वायपर चालवला की काचेवर कमानीच्या आकाराच्या कायमच्या रेघा उमटतात.

पण धूळ सगळीकडे सारखी नसते, आणि महाराष्ट्रात तर मुळीच नाही. राज्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बसाल्टचा. बसाल्टमध्ये गारगोटी फारशी नसते, पण फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही दोन खनिजं भरपूर असतात आणि दोन्ही क्लिअरकोटपेक्षा कितीतरी कठीण. खडीक्रशरजवळून जाणाऱ्या रस्त्यावर, किंवा जिथे नदीच्या वाळूऐवजी दगड फोडून केलेली क्रश सँड वापरली जाते अशा बांधकामाशेजारी, हीच धूळ हवेत असते. तिचे कण ताजे फुटलेले असतात. वाऱ्यापाण्याने त्यांच्या कडा गोलसर झालेल्या नसतात, त्यामुळे ते जास्त बोचतात. मराठवाड्यातली आणि सोलापूरकडची काळी माती मात्र निराळी. तिच्यातली चिकणमातीची खनिजं मऊ असतात, पण ओली झाली की ती रंगाला घट्ट चिकटते, वाळली की तडकते आणि निघताना सोबतचे दगडाचे बारीक कण घासत नेते. कोकणात जांभ्याची तांबडी धूळ. तिच्यात लोहाची ऑक्साइडं असतात आणि पांढऱ्या गाडीच्या दारांच्या फटींत, रबराच्या कडांना तिची तांबूस झाक बसते ती सहजी जात नाही. नागपूरजवळ कोराडी-खापरखेडा, तसंच चंद्रपूर या औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरात कोळशाची राख येते. त्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना असतात, म्हणजे तीही मऊ नाही.

मुंबईत या सगळ्याच्या जोडीला काँक्रीटची धूळ आणि समुद्राचं मीठ. सिमेंटची पूड कोरडी असेपर्यंत पुसता येते. दवाने किंवा पावसाच्या चार थेंबांनी भिजली की ती जागच्या जागी घट्ट होऊ लागते. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं. मिठाची गोष्ट आणखी वेगळी. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळतं. किनाऱ्यावर वर्षातले कितीतरी दिवस तेवढी आर्द्रता असते. त्यामुळे दादर-वरळीला किंवा रत्नागिरी-मालवणला समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीवरची धूळ वरून कोरडी दिसली तरी ओलसर असते, आणि रंगाला जिथे बारीकसा टवका गेलेला असेल तिथून गंजाला सुरुवात होते.

रेल्वेमार्गालगत राहणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. पांढऱ्या गाडीवर तपकिरी ठिपके दिसू लागतात आणि कितीही धुतलं तरी जात नाहीत. ब्रेक आणि रूळ यांच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण क्लिअरकोटवर रुतून तिथे गंजतात, त्याचे हे ठिपके. डिटेलिंगच्या दुकानात यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचं द्रावण मारतात. ते लोखंडाशी संयोग पावून जांभळं होतं आणि मग गाडीच्या अंगावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. पहिल्यांदा पाहणारा मालक दचकतोच.

शहरात उडणाऱ्या धुळीचा मोठा वाटा बांधकामांचा, आणि तिला आळा घालणं हे गाडीवाल्याच्या हातातलं काम नाही. मुंबईची हवा बिघडल्यावर ऑक्टोबर २०२३मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. ७० मीटरपेक्षा उंच इमारतीच्या बांधकामाभोवती किमान ३५ फूट उंच पत्रे हवेत, इमारत हिरवं कापड, ज्यूट किंवा ताडपत्रीने सगळीकडून झाकलेली हवी, पाण्याची फवारणी हवी, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुतलेली हवीत. शेजारच्या प्लॉटवर यातलं काही दिसत नसेल तर वॉर्ड ऑफिसात तक्रार करणं हा रंग वाचवण्याचाही उपाय आहे. माणसांच्या फुप्फुसांसाठी तर तो आधी करायला हवा.

तर आता या धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर घातलं, की काय होतं ते पाहू. कव्हर ओढताना ते बॉनेटवरून टपाकडे आणि टपावरून डिकीकडे घसरत जातं. त्याच्या आणि क्लिअरकोटच्या मध्ये फेल्डस्पारचे आणि गारगोटीचे हजारो कण अडकलेले असतात. कव्हर कितीही मऊ असो, त्या क्षणी त्याचं काम काचकागदाचं होतं. पुढे रात्रभर वारा सुटतो. खालून शिरलेली हवा कव्हर फुगवते, सोडते, पुन्हा फुगवते. पट्टे सैल असतील तर कापड तासन्‌तास त्याच जागी फडफडत राहतं. सर्वांत जास्त मार बसतो तो उंचवट्यांवर आणि कडांवर. आरशांची टोकं, टपाच्या बाजूच्या कडा, बॉनेटच्या मधली धार, दारांच्या मुठी. एक तर कापड तिथेच ताणलेलं असतं, आणि नेमका तिथेच रंगाचा थर मुळात पातळ असतो. वर्षभर उघड्यावर कव्हर घालून ठेवलेल्या गाडीच्या या जागा हाताने चाचपून पाहाव्यात. बाकीचा पत्रा गुळगुळीत असतो आणि या जागांवर मात्र चमक मंदावलेली असते.

हे ओरखडे दिवसा सावलीत दिसतही नाहीत. पेट्रोल पंपावर रात्री दिव्याखाली गाडी उभी राहिली, की दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची गोल गोल वर्तुळं दिसतात. डिटेलिंगवाले त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. गंमत अशी, की ओरखडे प्रत्यक्षात वर्तुळाकार नसतात. ते सगळ्या दिशांना, वाटेल तसे गेलेले असतात. पण दिव्याच्या संदर्भात योग्य कोनात असलेलेच ओरखडे प्रकाश डोळ्यांपर्यंत परत पाठवतात, आणि त्यामुळे प्रतिबिंबाभोवती वर्तुळ उमटल्याचा भास होतो. दिवा हलवा, वर्तुळही हलतं. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर ते जवळजवळ अदृश्य राहतात, काळीवर लगेच डोळ्यांत भरतात. धुळीच्या मुलखात पांढऱ्या गाड्या जास्त निभावतात त्याचं हेही एक कारण आहे.

मशीनने पॉलिश करून हे ओरखडे घालवता येतात, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पॉलिश ओरखडा भरत नाही. आजूबाजूचा क्लिअरकोट घासून त्या ओरखड्याच्या तळापर्यंत आणतं. प्रत्येक वेळी त्या पस्तीस-पन्नास मायक्रॉनमधले काही खर्ची पडतात, आणि ते पुन्हा वाढत नाहीत. दर दिवाळीला मशीन पॉलिश करून घेणाऱ्यांनी हा हिशेब मनात ठेवावा.

मग कव्हर घालूच नये का? घालावं, पण जागा आणि सवय पाहून.

जी गाडी रोज बाहेर पडते आणि उघड्यावर उभी राहते, तिच्यावर रोज कव्हर घालणं-काढणं टाळलेलंच बरं. रोज संध्याकाळी घरी आल्यावर गाडी धुळकटच असणार, ती रोज धुतली जाणार नाही, म्हणजे रोज दोनदा घासली जाणार. त्यापेक्षा ती उघडी राहू द्यावी आणि आठवड्यातून एकदा पाण्याने नीट धुवावी. याउलट इमारतीच्या खाली, खांबांच्या पार्किंगमध्ये उभी असलेली आणि आठवड्यातून एखाद्या वेळी निघणारी गाडी असेल, तर कव्हरासारखं दुसरं काही नाही. तिथे वारा नाही, पाऊस नाही, ऊन नाही. खाली बसते ती बारीक धूळ, आणि ती कापडावरच राहते. अशा ठिकाणी जाड प्लॅस्टिकचं कव्हर घेण्यात अर्थ नसतो. सुती फ्लॅनेलचं किंवा अंगाला बसणारं ताणदार कापडाचं पातळ कव्हर पुरतं. जुन्या, जपलेल्या गाड्यांसाठीही घराच्या आत सुती कापडाचंच कव्हर वापरावं.

झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीचं गणित तिसरं. तिथे धुळीपेक्षा वरून पडणारं जास्त त्रास देतं. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. एप्रिलच्या उन्हात गडद बॉनेट सत्तर अंशांच्या आसपास तापतो, क्लिअरकोट किंचित नरम होतो, आणि संध्याकाळी थंड होताना विष्ठेच्या खाली तिचा ठसा घेऊनच घट्ट होतो. दोन-तीन दिवस तसंच राहिलं तर डाग पुसूनही त्याची कडा दिसत राहते. मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यांवरच्या पर्जन्यवृक्षांखाली गाडी ठेवणाऱ्यांना उन्हाळ्यात काचेवर आणि टपावर चिकट थेंब सापडतात. झाडावरच्या रसशोषक किडींनी सोडलेला तो गोड स्राव. त्यावर धूळ बसली की ती पुसून निघत नाही, भिजवावीच लागते. अशा जागी स्वच्छ गाडीवर घातलेलं कव्हर स्वतःची किंमत वसूल करतं.

बाजारात जी कव्हरं मिळतात त्यात सर्वांत जास्त खपतं ते चंदेरी. दुकानदार सिल्व्हर मॅटी म्हणून दाखवतात. पॉलिएस्टरच्या कापडाला बाहेरून चंदेरी लेप दिलेला असतो. ऊन परतवतं, वजनाला हलकं, स्वस्त. पण आतली बाजू उघड्या कापडाची असते आणि हवा खेळत नाही. पावसाळ्यात आत ओल कोंडते. त्याहून जाड, पीव्हीसी लावलेली कव्हरं पाणी पूर्ण अडवतात, पण आतली वाफही अडवतात. तिसरा प्रकार न विणलेल्या, तंतू एकमेकांवर दाबून केलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या कापडाचा, तीन-चार थरांचा. हे कापड पाण्याचे थेंब बरेचसे अडवतं आणि वाफ बाहेर जाऊ देतं. उघड्यावर, दीर्घकाळ ठेवायच्या गाडीला हेच बरं, फक्त उन्हाने पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं म्हणून त्यात अतिनील किरणं सोसण्यासाठी प्रक्रिया केलेली आहे का ते विचारावं. कोणतंही कव्हर घेताना दुकानात पहिल्यांदा ते उलटं करून आतल्या बाजूवरून हात फिरवावा. आत मऊ फ्लीसचं अस्तर असेल तर उत्तम. शिवणीची कड टोचत असेल, तर तीच कड बॉनेटवर रोज टोचणार आहे.

माप नेमकं असणं हे कापडाइतकंच महत्त्वाचं. आरशांचे खिसे हवेत, टपावरची अँटेना कशी बसते ते पाहावं, पुढे-मागे इलॅस्टिक हवं आणि पोटाखालून बांधायचे बकलचे पट्टे तर हवेतच. मोठ्या गाडीचं कव्हर छोट्या गाडीला चालतं हा समज चुकीचा आहे. जितका घोळ जास्त तितकी फडफड जास्त. आणि घरातल्या जुन्या चादरी, ताडपत्री, निवडणूक झाल्यावर हाताशी आलेला फ्लेक्स यांनी गाडी झाकण्याचा मोह आवरावा. ताडपत्रीच्या धातूच्या कड्या वाऱ्यावर पत्र्याला आपटतात, आणि उन्हात तापलेला फ्लेक्स रंगाला चिकटून ठसे सोडतो. सुती चादर दवाने भिजते, धूळ शोषते आणि ओल्या मातीचा लेप होऊन गाडीवर बसते.

पावसाळ्याचे चार महिने हा कव्हराच्या बाबतीत सर्वांत अवघड काळ. भिजलेल्या गाडीवर कव्हर घातलं की क्लिअरकोट आणि कापड यांच्यामध्ये ओल दिवसेंदिवस टिकते. तिथून काचेच्या रबरांना, सीट कव्हरांना बुरशीचा वास येऊ लागतो. कोकणात, जिथे हवेतच मीठ आहे, तिथे तर जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवण्यापेक्षा पत्र्याच्या शेडखाली उघडी ठेवणं केव्हाही चांगलं. शेड शक्य नसेल तर उघडीप मिळाली की कव्हर काढून, दारं उघडी टाकून गाडी वाळू द्यावी. गावाकडे बरेच शेतकरी भाजीपाल्यासाठी आणलेली शेडनेट चार खांबांवर ताणून तिच्याखाली गाडी लावतात. ती धूळ अडवत नाही, पण ऊन निम्म्यावर आणते, पानं आणि पक्ष्यांची घाण वरच ठेवते आणि गाडीला कुठेही शिवत नाही. रंगाच्या दृष्टीने हा उपाय महागड्या कव्हरापेक्षा सरस आहे.

महिनोन्‌महिने झाकलेल्या गाडीखाली उंदीरही निवारा शोधतात. टाळेबंदीच्या काळात, २५ मार्च २०२०पासून पुढे, लाखो गाड्या जागच्या हलल्या नाहीत, आणि त्यानंतर बॅटरी उतरल्याच्या आणि वायरी कुरतडल्याच्या तक्रारी घेऊन लोक गॅरेजात गेले. लांब मुदतीसाठी गाडी झाकायची तर कोणीतरी पंधरवड्यातून एकदा कव्हर उचलून, बॉनेट उघडून आत पाहील अशी सोय करून जावी. परदेशी मुलांकडे सहा महिने जाणाऱ्या आई-वडिलांनी शेजाऱ्याकडे फ्लॅटच्या किल्लीबरोबर गाडीची किल्लीही ठेवावी ती यासाठी.

प्रत्यक्ष कव्हर घालण्याची रीत साधी आहे, पण क्रम चुकवून चालत नाही. गाडी आधी धुवायची. पहिलं पाणी नुसतं ओतायचं, हात न लावता, वरून खाली. पाइप नसेल तर झाडांना पाणी घालायची झारी उत्तम काम करते. एक-दोन झाऱ्यांत सुटी धूळ वाहून जाते आणि उरलेली नरम पडते. मग गाडीच्या शाम्पूचं पाणी एका बादलीत, साधं पाणी दुसरीत. मायक्रोफायबरचं कापड शाम्पूत बुडवून टपापासून सुरुवात करायची, एक भाग झाला की कापड साध्या पाण्यात खळबळून घ्यायचं आणि मगच पुन्हा शाम्पूत. दारांचा खालचा पट्टा आणि चाकांच्या कमानी सर्वांत शेवटी, कारण सगळी खडी तिथे असते. त्यासाठी कापडही वेगळं. बोअरचं पाणी जड असेल तर उन्हात वाळू देऊ नये, त्यातल्या क्षारांचे पांढरे गोल ठिपके राहतात. कोरडी झाली, इंजिन गार झालं, की कव्हर.

कव्हर टपाच्या मधोमध ठेवून पुढे आणि मागे उलगडावं, ओढू नये. काढताना दोन्ही बाजू टपावर दुमडून घ्याव्यात आणि मग पुढून मागे गुंडाळावं, म्हणजे बाहेरची मळकी बाजू बाहेरच्या बाजूलाच दुमडली जाते आणि आतली स्वच्छ बाजू तिला लागत नाही. जमिनीवर टाकू नये. पुढची बाजू कोणती हे खुणेने लिहून ठेवलं, तर अंधारात उलटंसुलटं करून ओढाताण होत नाही. एकट्याने करण्यापेक्षा दोघांनी केलं तर कापड उचलून ठेवता येतं.

पाण्याचा प्रश्न खरा आहे. मार्च २०२४मध्ये बंगळुरूत टंचाई इतकी वाढली, की पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास ५,००० रुपये दंड लावण्यात आला. आपल्याकडेही उन्हाळ्यात अनेक सोसायट्या पाइप लावायला मनाई करतात आणि ती योग्यच आहे. अशा वेळी गाडी कमी धुवावी, धुळकट राहू द्यावी आणि कोरडं पुसणं थांबवावं. कोरड्या फडक्याने पुसल्यावर पृष्ठभागावर स्थिर विद्युतभार तयार होतो आणि तो नवी धूळ ओढतो, त्यामुळे सकाळी पुसलेली गाडी दुपारी पुन्हा तशीच दिसते.

इथे सोसायटीत पहाटे गाड्या पुसणाऱ्या माणसाबद्दल बोलायलाच हवं. तो साडेपाचला येतो, एका बादलीत आणि एका फडक्यात दहा-बारा गाड्या आठच्या आत उरकतो, कारण मालकांना कामाला जायचं असतं आणि महिन्याचे पैसे प्रत्येक गाडीमागे ठरलेले असतात. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी गढूळ होतं, आणि पुढच्या प्रत्येक गाडीवर आधीच्या सगळ्या गाड्यांची खडी फिरते. दोष त्याचा नाही. त्याला दिलेल्या वेळेचा आणि साधनांचा आहे. प्रत्येक मालकाने स्वतःच्या गाडीसाठी दोन मायक्रोफायबरची कापडं आणि एक झारी त्याच्याकडे दिली, रोजच्या ऐवजी आठवड्यातून दोनदाच पण भरपूर पाण्याने धुवायला सांगितलं आणि पैसे तेवढेच ठेवले, तर त्याचे कष्टही कमी होतील आणि रंगही वाचेल. हजारो रुपये देऊन सिरॅमिक कोटिंग करून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशीपासून तीच बादली, हे मात्र खरोखर पैसे पाण्यात घालणं आहे.

सिरॅमिक कोटिंगबद्दल एवढंच, की ते सिलिकावर आधारलेलं अतिशय पातळ आवरण असतं. पाणी आणि चिकट घाण त्याच्यावर टिकत नाही, धुणं सोपं होतं. ओरखड्यांपासून ते थोडंच वाचवतं. ओरखडे खरोखर अडवते ती पीपीएफ नावाची पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म. ती दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाड असते, म्हणजे गाडीच्या संपूर्ण रंगापेक्षाही जाड. तिची किंमतही तशीच आहे. निस्सान कंपनीने २००५मध्ये बारीक ओरखडे उष्णतेने आपोआप भरून येणारा क्लिअरकोट आणला होता, पण असा रंग रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना अजूनही नसतो.

दिवाळीत कव्हराची वेगळी काळजी घ्यावी लागते. पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन दोन्ही ठिणगीने वितळतात, आणि वितळलेलं प्लॅस्टिक रंगावर चिकटलं तर ते काढताना क्लिअरकोटही निघतो. आवारात फटाके उडणार असतील तर त्या चार रात्री कव्हर काढून ठेवावं आणि गाडी शक्य तितकी दूर लावावी. सकाळी गाडीवर बसलेली फटाक्यांची राख पाण्यानेच काढावी.

कव्हर स्वतःही धुवावं लागतं, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बाहेरची धूळ महिन्या-दोन महिन्यांत कापडातून आत झिरपते, आणि मग गाडी स्वच्छ असूनही अस्तर खरखरीत होतं. सौम्य साबणाच्या पाण्यात, दोन्ही बाजूंनी, हाताने धुवून ते दोरीवर पूर्ण वाळवावं. कापड मऊ करणारी सुगंधी द्रावणं वापरू नयेत, त्यांचा तेलकट अंश काचेवर आणि रंगावर उतरतो. चंदेरी लेप हाताला लागू लागला, कापड दुमडल्यावर तडे दिसले किंवा इलॅस्टिक ढिलं पडून कव्हर खाली लोंबू लागलं, की ते बदलण्याची वेळ झाली. आपल्या उन्हात बाहेर राहिलेलं साधं कव्हर काही वर्षांचंच असतं, आणि निवृत्त झालेलं कव्हर स्कूटरवरही घालू नये. तिलाही क्लिअरकोटच असतो.